तुम्ही विचारलंत म्हणून: पोपट चावायचा कसा थांबला?

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस चहाचा कप खाली ठेवायच्या आत दोन प्रश्न विचारतो. पहिला, "बोलतो का हो?" दुसरा, "चावतो का?" पहिल्याचं उत्तर आमचा पोपट, तात्या, स्वतःच देऊन टाकतो. दुसऱ्याचं मी देते, आणि हल्ली ते जरा लांबतं. कारण विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या बोटाला आधीच पट्टी असते. त्यांच्याही घरी कोन्यूर नाहीतर लव्हबर्ड असला एखादा छोटा विदेशी पोपट असतो, आणि त्यांना खरं विचारायचं असतं ते हे, की तुम्ही त्याची चावायची सवय मोडलीत कशी?

मोडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर फसवणूक वाटायला नको.

तात्या हा क्वेकर पोपट. अंगाने हिरवा, छाती करडी, आणि त्या करड्या पिसांवर बारीक लाटा, दोन दिवस दाढी न केलेल्या म्हाताऱ्यासारख्या. त्यावरून नाव पडलं. (क्वेकर नर की मादी हे नुसतं बघून कळत नाही, डीएनए चाचणी करावी लागते. आम्ही केलेली नाही. तेव्हा तात्या ही ताईसुद्धा असू शकते.) आपले राघू आणि करण पोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. क्वेकरसारख्या विदेशी पक्ष्याचीही आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती केली आहे. हेही विचारतात लोक, म्हणून सांगितलं.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. माझ्या ओढणीत घुसून झोपायचा, कानातल्याशी खेळायचा. चोच लावायचा, पण ते चावणं नव्हे. पोपटाला चोच म्हणजे तिसरा पाय. पाय टाकण्याआधी तो चोच टेकवून फांदी पक्की आहे का ते बघतो. आपण घाबरून हात मागे घेतला की त्याच्या लेखी फांदी हलली, आणि पुढच्या वेळी तो ती जरा घट्ट धरतो. निम्मी 'चावरी' पाखरं इथेच तयार होत असावीत.

दीड वर्षाचा झाल्यावर मात्र खरं चावणं सुरू झालं. निमित्त खराट्याचं.

गॅलरीत खराटा असायचा. बाहेर सोडलं की तात्या थेट तिकडे. एक हीर निवडायचा, ओढून काढायचा, आवडला नाही तर टाकून दुसरा. मग तो आडवा चोचीत धरून पिंजऱ्यात न्यायचा. दारातून आडवा हीर जात नाही, हे कळायला त्याला एक दिवस लागला. नंतर टोकाला धरायला शिकला. आत गेल्यावर हिराचं टोक चावून चावून मऊ करायचं, गजांमधून बाहेर खुपसायचं, दोन गज सोडून पुन्हा आत ओढून घ्यायचं. आठवड्याभरात एका कोपऱ्यात चांगली जाडजूड विणलेली भिंत झाली. आम्ही फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. आणि रविवारी नेहमीप्रमाणे पिंजरा धुवायचा म्हणून मी हात घालून ते सगळं उपसून काढलं.

अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागाला त्याने धरलं आणि सोडेना. धरून वर पीळही दिला. "आई गं!" असं मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरून फोन आला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मधल्या काळात मी ऐकीव उपाय सगळे केले. तोंडावर फुंकर मारली, चोचीवर टिचकी मारली, "नाही!" म्हणून दरडावलं, पिंजऱ्यावर टॉवेल टाकून शिक्षा दिली. टिचकीने त्याला कळलं की हात खरोखरच शत्रू आहे. ओरडण्याचा तर उलटाच परिणाम झाला. पोपटाला आरडाओरडा आवडतो. त्याने एकदा चोच आवळली की एवढी मोठी बाई नाचते, ही त्याच्या दृष्टीने करमणूक. कुणीतरी पंख कापायलाही सांगितलं. तेवढं मात्र केलं नाही. उडून लांब जाता येत नाही अशा पाखराच्या हातात चोचीशिवाय उरतं काय?

गंमत अशी, की आमच्या कामाच्या मावशींना तो एकदाही चावला नव्हता. त्या काही पक्षीतज्ज्ञ नव्हेत. त्या त्याला घाबरतात. वाटी बाहेरूनच फिरवून आत सरकवायची, आणि तो दारापाशी असेल तर लांबून "सरक रे बाबा, सरक" म्हणत थांबायचं. तो सरकेपर्यंत थांबायचं. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला कसा चावत नाही हो? "मी कशाला त्याच्या घरात हात घालू?" म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

त्यानंतर मी क्वेकरबद्दल नीट वाचलं. हा मूळचा अर्जेंटिना, उरुग्वेच्या बाजूचा. बहुतेक पोपट झाडाची ढोली शोधतात. काटक्या रचून घरटं बांधणारा पोपट हा एकटाच. तेही एकट्याचं घरटं नाही, चाळ असते. अनेक जोड्यांच्या खोल्या एकमेकींना लागून, प्रत्येकीचं दार वेगळं. आणि विणीचा हंगाम संपला तरी घर सोडत नाहीत, वर्षभर तिथेच झोपतात. परदेशात पिंजऱ्यांतून सुटलेल्या क्वेकरांनी बार्सिलोनाच्या ताडामाडांवर, अमेरिकेतल्या विजेच्या खांबांवर असल्या चाळी उभ्या केल्या आहेत. म्हणजे मी दर रविवारी ज्याला कचरा म्हणत होते ते त्याचं राहतं घर होतं, आणि पाडकाम त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

एव्हाना तात्या एक नवीन शब्द शिकला होता. माझा हात पिंजऱ्याच्या दाराशी आला की तो माझ्याच आवाजात, पण अगदी सपाट सुरात म्हणायचा, "आई गं." पहिल्यांदा मी हसले, हात घातला, आणि मग मीही तेच म्हटलं. चारपाच वेळा असं झाल्यावर लक्षात आलं की क्रम ठरलेला आहे. आधी अंगावरची पिसं चापून बसतात आणि मान पुढे येते. मग शेपटी पंख्यासारखी पसरते. मग "आई गं". मग चोच. आफ्रिकन ग्रेसारख्या फिकट डोळ्यांच्या पोपटाची बाहुली चिडल्यावर लहानमोठी होताना लांबूनही दिसते. तात्याचे डोळे गडद तपकिरी. त्यात काही दिसायचं तर जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं हाच तर गुन्हा.

आता पिंजरा धुवायचा तो तात्या बाहेरच्या खोलीत असताना, दार लावून. हात आत जात नाही. त्याला बाहेर यायचं तर तो दारात येतो आणि लाकडी काठीवर चढतो. हे शिकवायला तीन आठवडे लागले. सूर्यफुलाच्या बिया वाटीतून बंद केल्या आणि फक्त काठीला चोच लावल्यावर एकेक द्यायला लागले. खराट्याचे हीर मिळतात, पण बाहेरच्या स्टँडवर. तिथे तो हवं तेवढं विणतो, आणि ते मी मोडत नाही. संध्याकाळी सातला पडदा, दहाबारा तास झोप. खोकी, कपाटाचे कप्पे, सोफ्याखालचा अंधार बंद, कारण अंधाऱ्या बिळात शिरलं की त्याला विणीचे वेध लागतात आणि चावणं वाढतं. याच कारणाने पाठीवरून हात फिरवणंही बंद, फक्त डोकं आणि मान खाजवायची. आणि चावलाच, तर हात झटकायचा नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही, त्याला जवळच्या टेबलावर ठेवून निघून जायचं. लिहायला सोपं आहे.

तुमचा पोपट कालपर्यंत गरीब होता आणि आज अचानक चावायला लागला असेल, तर मात्र माझं काही ऐकू नका. आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. आजार लपवण्यात पाखरं पटाईत असतात. पिसं गळून नवीन कोंब येतात तेव्हाही ते दुखतात, धक्का लागला की चिडतं बिचारं.

तात्या अजूनही चावतो. पाहुण्यांची मुलं गजांतून बोट घालतातच. पण माझ्या हातावर गेल्या पावसाळ्यानंतर नवी खूण नाही. तेव्हा आमच्याकडे आलात आणि आतल्या खोलीतून माझ्या आवाजात "आई गं" ऐकू आलं, तर कुणाला लागलं म्हणून धावत जाऊ नका. अजून लागलेलं नसतं.