कॉलेजच्या वृंदगानाचा दौरा : रिकाम्या सभागृहाचा दीड तास

यजमान कॉलेजांना पत्र लिहिताना मी मानधन आणि मुक्कामाच्या आधी एकच गोष्ट मागायचे : कार्यक्रमाच्या दिवशी दीड तास रिकामं सभागृह. मुलं वर्षभर हीच गाणी गाताहेत, मग पुन्हा तालीम कशाला, असं काही जण विचारायचे. पण आमचं वृंदगान वाद्यांशिवाय चालतं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे उंच ते खर्ज चार आवाज, बाकी सगळं सभागृहावर. गाणं घरी बसलेलं असलं तरी नव्या जागेत ते पुन्हा बसवावं लागतं.

दगडी भिंती आणि उंच छत असेल तर घुमारा चार-पाच सेकंदही रेंगाळतो. तिथे जलद गाणं घेतलं की एक शब्द दुसऱ्यावर चढतो आणि श्रोत्यांपर्यंत नुसता गलबला पोचतो. तिथे आम्ही लय उतरवायचो, व्यंजनं आखूड आणि टोकदार करायचो. गालिचा, जाड पडदे आणि गादीच्या खुर्च्या असलेल्या सभागृहात याच्या उलट. आवाज तिथल्या तिथे विझतो, शेजारचा ऐकू येत नाही आणि प्रत्येक जण नकळत जोर लावू लागतो. अशा ठिकाणी रांगा मोडून अर्धवर्तुळात जवळ उभं राहायचं. रुंद रंगमंचावरही तेच, कारण दहा मीटर लांबच्या गायकाचा आवाज पोचायला सेकंदाचे सुमारे तीन शतांश लागतात. कानावर विसंबून गायलं तर मागे पडायला होतं, म्हणून नजर संचालकाच्या हातावर. शिवाय माणसं भरली की तीच जागा आणखी कोरडी होते. तालमीत घुमारा किंचित जास्त वाटला तर मला बरंच वाटायचं.

मग पट्टी. सुरुवातीचा सूर ४४० हर्ट्झच्या नादकाट्यावरून (ट्यूनिंग फोर्क) घ्यायचा आणि गाणं संपल्यावर तोच काटा पुन्हा लावून पाहायचा. दमलेला गट हळूहळू खाली घसरतो आणि गाणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. पियानोवर सराव केलेल्यांना आणखी एक अडचण येते : पियानोचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट). तो जरा उतरवला की चारही आवाज एकात मिसळतात. हे घडताना रिकाम्या सभागृहात उभं असणं यासाठीच मी दौऱ्याचं काम घेतलं होतं, असं आजही वाटतं.

प्रवासाचं वेळापत्रकही याच दीड तासाभोवती आखलं. बसमध्ये इंजिनाच्या आवाजावर ओरडून गप्पा मारल्या की संध्याकाळपर्यंत घसा बसतो, म्हणून शेवटचा टप्पा मौनात आणि पाणी घोट-घोट. संमतिपत्रं, विमा, खोल्यांची वाटणी ही कामं चिकाटीची, पण सरळ होती.

गाण्यांचा क्रम छापून टाका, असा आग्रह मात्र मी मानला नाही. तेव्हा गटाला मी फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्सची, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गायकगटाची, गोष्ट सांगितली. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधून हे विद्यार्थी कर्जात बुडालेली आपली संस्था वाचवायला गात निघाले. बहुतेक जण गुलामीत जन्मलेले, वाटेत हॉटेलांनी खोल्या नाकारलेले. विद्यापीठाचे खजिनदार जॉर्ज व्हाइट त्यांना घेऊन फिरत होते, पियानोवर एला शेपर्ड होती. सुरुवातीला ते प्रामुख्याने त्या काळची प्रचलित गाणी गात. आपल्या लोकांची भक्तिगीतं कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी आली ती रस्त्यावर, श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून. १८७३ मध्ये ते ब्रिटनमध्ये गायले आणि त्या गाण्याच्या पैशातून विद्यापीठाची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. आमचा दौरा त्यांच्यापुढे फार छोटा, पण समोरची जागा आणि माणसं पाहून क्रम ठरवण्याचं बळ मला तिथून मिळालं.

एका ठिकाणी आधीचा कार्यक्रम लांबला आणि आम्हाला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. तेव्हा एकही गाणं पूर्ण गायलो नाही. प्रत्येकाची पहिली ओळ घेतली, सर्वांत मोठ्या आवाजाचा शेवट एकदा घेऊन घुमारा किती टिकतो ते ऐकलं आणि दोन जलद गाणी त्या दिवशीच्या यादीतून काढली.