तिजोरीचा मोह आणि मक्तेदारीचे समर्थन

जुगाराचा व्यवसाय सरकारने स्वतःकडेच ठेवावा की परवाने देऊन खासगी कंपन्यांना खुला करावा, या प्रश्नावर युरोपात गेली तीस वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे निकाल आणि कायदे मी बरेच दिवस वाचतो आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. ते असे की, जे सरकार आपले उत्पन्न घटू द्यायला तयार असते, त्यालाच जुगाराची मक्तेदारी स्वतःकडे ठेवण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो.

या वादाची सुरुवात टपालाने झाली. 1990 मध्ये शिंडलर नावाच्या व्यक्तींनी एका जर्मन लॉटरीची जाहिरातपत्रके आणि अर्ज नेदरलँड्समधून ब्रिटनमधील लोकांना पाठवले आणि ब्रिटिश सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ती पाकिटे जप्त केली. 1994 मध्ये युरोपीय न्यायालयाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की, लॉटरी ही एक सेवा असल्यामुळे तिला सीमापार व्यापाराचे स्वातंत्र्य तत्त्वतः लागू होते; मात्र फसवणूक टाळण्यासाठी आणि लोकांना उधळपट्टीपासून वाचवण्यासाठी एखादे राष्ट्र तिच्यावर बंदी घालू शकते. तेव्हा सीमेवर अडवायला निदान कागद तरी होता. 2004 मध्ये माल्टाने ऑनलाइन जुगारासाठी परवान्यांचे नियम केले आणि त्या छोट्या बेटावरून चालणारी संकेतस्थळे युरोपातल्या कोणत्याही घरात उघडता येऊ लागली.

माझ्या दृष्टीने या सगळ्यांत कळीचा निकाल 2003 मधील गाम्बेली प्रकरणाचा आहे. इटलीतील काही दुकानदार लिव्हरपूलच्या एका पैज-कंपनीसाठी ग्राहकांच्या पैजा स्वीकारून पुढे पाठवत होते आणि त्यासाठी त्यांच्यावर फौजदारी खटले भरले गेले होते. जुगाराच्या संधी कमी करण्यासाठी आमचे निर्बंध आहेत, असा इटलीचा बचाव होता. न्यायालयाने त्यावर दाखवून दिले की, तिजोरीत भर पडावी म्हणून जे शासन नागरिकांना लॉटऱ्या, सट्टा आणि पैजा खेळायला स्वतःच उद्युक्त करते, त्याला समाजहिताचे कारण पुढे करून दुसऱ्याला अडवता येणार नाही. धोरण सुसंगत आणि पद्धतशीर असले पाहिजे, हा निकष पुढच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात कामाला आला. 2009 मध्ये पोर्तुगालची मक्तेदारी या कसोटीवर टिकली. ती लिस्बनच्या सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया या 1498 पासूनच्या धर्मादाय संस्थेकडे होती आणि ऑनलाइन खेळात ग्राहक व चालक समोरासमोर येत नसल्याने फसवणुकीचा धोका वेगळा व मोठा असतो, हे न्यायालयाने मान्य केले. बरोबर एका वर्षाने, 8 सप्टेंबर 2010 रोजी, जर्मनीची पैजांवरील मक्तेदारी मात्र अडचणीत आली, कारण तिथे व्यसनाचा धोका अधिक असलेल्या जुगार-यंत्रांना शासन मोकळीक देत होते आणि सरकारी लॉटरीच्या जाहिरातीही जोरात चालू होत्या.

नॉर्वेने त्याआधीच वेगळी वाट धरली होती. तिथल्या दुकानांतून ठेवलेल्या जुगार-यंत्रांच्या उत्पन्नातून स्वयंसेवी संस्थांना मोठा वाटा मिळत असे. शासनाने 2006 मध्ये त्या यंत्रांत नोटा टाकण्यास मनाई केली आणि 2007 मध्ये ती यंत्रेच बंद केली. काही काळ देशात अशी यंत्रे जवळजवळ उरलीच नाहीत. नंतर नॉर्स्क टिपिंग या सरकारी कंपनीने नवी यंत्रे आणली, ती खेळाडूच्या ओळखपत्राशिवाय चालत नाहीत आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे हरू देत नाहीत. पैसा हातचा जात असताना घेतलेला हा निर्णय मला मनापासून आदरणीय वाटतो. मात्र परदेशी संकेतस्थळांचे आव्हान नॉर्वेलाही चुकलेले नाही. 2010 पासून बँकांमार्फत त्यांचे पैसे अडवण्याचा प्रयत्न चालू आहे आणि त्याला आता संकेतस्थळे रोखण्याच्या उपायाची जोड मिळाली आहे.

स्वीडनने 1 जानेवारी 2019 पासून परवान्यांची पद्धत स्वीकारली. स्पेलपाउस या राष्ट्रीय नोंदवहीत जुगारापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने एकदा स्वतःचे नाव घातले की सर्व परवानाधारक कंपन्यांची दारे त्या व्यक्तीला एकाच वेळी बंद होतात, ही त्या व्यवस्थेतील फार मोलाची गोष्ट आहे. पण पैसे भरण्याची मर्यादा प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्रपणे ठरते, त्यामुळे दहा कंपन्यांकडे खाते असलेल्या माणसाला दहा मर्यादा मिळतात. जर्मनीने 2021 च्या राज्य-करारात, म्हणजे तिथल्या राज्यांनी आपसांत केलेल्या जुगारविषयक करारात, ही फट बुजवली. तिथे महिन्याला 1000 युरोची मूळ मर्यादा सर्व कंपन्या मिळून मोजली जाते. व्यसनाच्या काठावर असलेला माणूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सहज सरकतो, म्हणून मक्तेदारी असो वा परवाने, त्याचे एकूण नुकसान एका ठिकाणी मोजले जाते की नाही, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो.

फिनलंडही आता परवान्यांकडे वळला आहे. वेइक्काउस या सरकारी कंपनीचे ऑनलाइन खेळांवरील एकाधिकार संपणार आहेत, लॉटरी मात्र तिच्याकडेच राहणार आहे. त्याआधी तिथे एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. जुगाराचा नफा क्रीडा, संस्कृती, विज्ञान आणि समाजकार्य यांच्यासाठी राखून ठेवण्याची जुनी पद्धत 2024 पासून थांबवण्यात आली आणि या क्षेत्रांचा निधी देशाच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून येऊ लागला. यामुळे एखाद्या वाद्यवृंदाचे किंवा क्रीडासंघाचे अनुदान लोक जुगारात किती हरले यावर थेट अवलंबून राहिलेले नाही, आणि जुगारावर कडक मर्यादा घाला असे म्हणताना त्या संस्थांना स्वतःच्या निधीची धास्ती बाळगावी लागत नाही.