फॉर्ममध्ये पुडीचा रकाना नव्हता

एलायझा या रक्तचाचणीच्या प्लेटमध्ये शेवटी आम्ल टाकलं की निळा रंग क्षणात पिवळा होतो. रक्तात आयएल-६ हे दाहाचं प्रथिन जितकं जास्त, तितका पिवळा गडद. शरीरातला दाह मोजायची आमची ही रोजची पद्धत. आमच्या अभ्यासातले सगळे रुग्ण आमवाताचे, औषध अजून सुरू न झालेले. त्या दुपारी प्लेट कमीअधिक पिवळी झाली. एकतीस नंबरच्या रुग्णाच्या दोन्ही वेल्स, म्हणजे प्लेटमधले खळगे, मात्र पाण्यासारख्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेच. दाहाची दुसरी खूण, सीआरपीसुद्धा नॉर्मल. आणि आमवाताची खास अँटिबॉडी, अँटी-सीसीपी, एवढी, की मशीनची वरची मर्यादा ओलांडली म्हणून नमुना पातळ करून परत लावावा लागला. आमवातातली आणखी एक अँटिबॉडी, रुमॅटॉइड फॅक्टर, तीही पॉझिटिव्ह. हा फॅक्टर एलायझातल्या दोन अँटिबॉडी आपसात जोडतो आणि नसलेलं आयएल-६ दाखवतो, म्हणून आकडा खोटा वाढलेला मी अनेकदा पाहिलाय. इथे तो तळाला होता.

नमुना खराब झाला असेल, असं सगळ्यांनी सुचवलं. ते मला पटेना, कारण तो मी स्वतः हाताळला होता. पेशी वेगळ्या करायला फायकॉल या जड द्रवावर रक्त चढवताना नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेला टेकवायचं आणि थेंब अंगावरून घसरत जाऊ द्यायचा. जरा घाई झाली की थर मिसळतात. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा, हे नवी मुलं हमखास विसरतात. मग पांढऱ्या पेशींची कडी विस्कटते आणि सकाळभराचं काम वाया जातं. एकतीसची कडी दुधाच्या सायीसारखी अखंड बसली होती.

एकतीस नंबरच्या बाईंना परत बोलावलं. बेचाळीस वर्षांच्या, निफाडकडच्या, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या. भल्या पहाटेच्या एसटीनं आल्या. या वेळी मी कागद बाजूला ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा गोल झालेला. हातावरची कातडी पातळ, दंडावर निळे डाग.

"तब्येत सुधारली म्हणतात समदे," त्या म्हणाल्या.

"ताई, सांध्यांसाठी काही घेता का?"

"औषध नाही हो मॅडम. पुडी घेते फक्त. बाजाराच्या दिवशी मिळते. सकाळी बोटं मिटत नाहीत, पुडी घेतली की विरळणीची कात्री धरता येते."

त्याच सकाळी आठला कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइडसाठी, रक्त घेतलं. जवळजवळ शून्य. दाह दाबणारं स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. पुडीत नेमकं कुठलं, हे ओळखणारं यंत्र आमच्याकडे नाही, पण डॉक्टरांना शंका उरली नाही. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यासाठी नोबेल मिळालं. त्याचे दुष्परिणाम समोर यायला वेळ लागला नाही. आमच्या बाजारात मात्र अजून पहिलाच अंक चालू आहे.

नियमाप्रमाणे एकतीस नंबर अभ्यासातून बाद. आकडेवारी सांभाळणाऱ्या सहकाऱ्यानं दोन मिनिटांत नाव उडवलं. त्याचं चुकलं नाही, पण मला ते सहन झालं नाही. "स्टेरॉइड घेता का?" हा प्रश्न मीच वाचून दाखवला होता आणि "नाही"वर खूण केली होती. ताई खरं तेच बोलल्या होत्या. ज्यांनी फॉर्म मराठीत आणला, त्यांनी तो शब्द जसाच्या तसा ठेवला, आणि बागेत उभं राहणारं माणूस वेदनेवर काय घेतं, हे आमच्यापैकी कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. आता यादीतल्या प्रत्येकाला फोन करून पुडीचं विचारतेय. अर्धी यादी बाकी आहे.

त्या दिवशी निघताना ताईंना बजावलं, पुडी एकदम तोडू नका, जिवावर बेतेल. डॉक्टर हळूहळू कमी करतील. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. हे तीनदा म्हणवून घेतलं.

"याचा गुण कधी येईल?"

"सहा ते बारा आठवडे लागतात."

त्यांनी बोटांवर मोजलं.

"तवर तर माल काढणीला येईल, मॅडम. विरळणीचा रोज कोण देईल?"