तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉप बदलू की आहे त्यातच काहीतरी टाकू?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला निदान पंधरावीस जणांनी विचारलाय. कुणी फोनवर विचारतं, कुणी प्रेसमध्ये प्लेटा निघेपर्यंत बाकावर बसल्या बसल्या, आणि परवा तर भाजीच्या पिशव्या हातात असताना जिन्यात शेजारच्या काकूंनी मुलासाठी विचारलं. प्रश्न साधारण एकच असतो, ताई, कामाचा लॅपटॉप फार स्लो झालाय, नवीन घेऊ का, साठ-सत्तर हजार घालणं वर्थ आहे का. मला विचारतात कारण मी गेली वीसेक वर्षं पुण्यात पानं लावण्याचं काम करते, म्हणजे पुस्तकं, स्मरणिका आणि मुख्य म्हणजे दिवाळी अंक, आणि माझं सगळं पोट या एका मशीनवर आहे. कंपनी लॅपटॉप देते अशी माझी परिस्थिती नाही, जे काय घ्यायचं ते माझ्याच खिशातून, म्हणून मी या बाबतीत खरंच खूप विचार केलाय, आणि जिन्यात उभं राहून ते सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी २०२१ ची गोष्ट सांगते कारण तिथेच मला हे कळलं. माझा तेव्हाचा लॅपटॉप २०१७ चा, इंटेलचा सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची साधी हार्डडिस्क, ४८ हजारांना घेतलेला. चार वर्षांत तो इतका मंदावला की सकाळी बटण दाबून मी चहा टाकायला जायचे आणि चहा पिऊन झाला तरी त्याचं चालूच. ऑगस्ट उजाडला होता, तीन अंकांची कामं हातात, आणि दुकानदार म्हणाला मॅडम हा आता टाकून द्या, नवीन मॉडेल बघा. मी जवळजवळ घेतलाच होता. पण पैसे काढायच्या आधी मनात आलं की आपण रोज नक्की किती वेळ बसून राहतो ते एकदा बघू तरी, आणि एक शंभर पानी वही घेऊन टेबलावर ठेवली.

सोमवार ते शनिवार, जेव्हा जेव्हा हात थांबला तेव्हा तेव्हा वेळ लिहिली आणि पुढे एक अक्षर. मशीनमुळे थांबले तर म, नेटमुळे थांबले तर न, आणि कुणा माणसामुळे थांबले तर मा. शनिवारी बेरीज केली तर एकूण ७ तास निघाले. त्यातले मशीनचे ३ तास २० मिनिटं, नेटचे १ तास १० मिनिटं आणि माणसांचे अडीच तास! म्हणजे जाहिरातीचं आर्टवर्क येतंय येतंय म्हणून, कथेचं शेवटचं पान लेखक पाठवतोय म्हणून, प्रुफं तपासून परत येईनात म्हणून. मी इतके दिवस सगळा राग लॅपटॉपवर काढत होते आणि अर्ध्याहून जास्त वेळ त्याचा नव्हताच. ७० हजारांचं मशीन घेतलं असतं तरी जाहिरात रात्री साडेदहालाच आली असती.

मग मशीनच्या ३ तास २० मिनिटांतही बघितलं की कशात जातायत. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्सवर गेलं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क कोण किती दमलंय ते दिसतं. माझी डिस्क जवळजवळ सारखी १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस-पंचवीसवर निवांत. चालू होणं, फाइल उघडणं, सेव्ह होणं, सगळं डिस्कवर अडलेलं. प्रोसेसर जिथे खरा लागतो ते पीडीएफ काढायचं काम आठवड्याला फक्त ३५ मिनिटं होतं. साधी हार्डडिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते आणि तेही फाइल सलग असेल तर, तुकडे तुकडे असले की फारच कमी. साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी चिपवरची डिस्क, साडेपाचशेच्या आसपास जाते आणि तिच्यात फिरणारी तबकडीच नसल्याने तुकड्यांचा तिला तितका त्रास होत नाही.

मी ४,२०० ची एसएसडी घातली, आणि एक गोष्ट मुद्दाम केली, रॅम त्याच दिवशी नाही टाकली, दोन आठवडे थांबले. दुकानदार म्हणत होता दोन्ही एकदमच करा, पण एकदम केलं असतं तर कशाने काय झालं ते कधीच कळलं नसतं. नुसत्या एसएसडीने मशीनचा थांबा ३ तास २० मिनिटांवरून १ तास ५ मिनिटांवर आला. मग ३,१०० ची रॅम टाकून १६ जीबी केली, तर ५० मिनिटं. म्हणजे रॅमने आठवड्याला १५ मिनिटं मिळाली, ती पण फोटोंनी भरलेल्या एका अंकामुळे. आज परत करायचं तर मी रॅम घेतली नसती. फिटिंगचे ५०० धरून ७,८०० खर्च, आणि आठवड्याला अडीच तास सुटले. माझा तास साधारण अडीचशे रुपयांचा धरला तर आठवड्याला सव्वासहाशे, म्हणजे बारा-साडेबारा आठवड्यांत वसूल, आणि आमचा सीझन तेवढाच असतो.

आता इथे एक खरं सांगायला पाहिजे. वाचलेला प्रत्येक तास पैसे देत नाही. सीझनमध्ये कामाची रांग लागलेली असते तेव्हा सुटलेल्या तासात मी खरंच आणखी पानं लावते, पण फेब्रुवारीत तेच अडीच तास सुटले तर फार तर लवकर जेवण होतं. त्यामुळे वर्षाचे ५२ आठवडे गुणून पैसे सुटले असा हिशेब मांडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, जे आठवडे खरंच ओढाताणीचे असतात तेवढेच मोजा.

तर अशा तऱ्हेने तो लॅपटॉप आणखी चार वर्षं चालला. आणि मग २०२५ मध्ये मी नवीन घेतला, आणि गंमत म्हणजे वहीच्या हिशेबाने तो अजिबात घ्यायला नको होता. परत आठवडाभर लिहिलं होतं, मशीनचा थांबा १ तास १० मिनिटं. नवीन घेऊन त्यातली ४० मिनिटं वाचली असती, म्हणजे आठवड्याला १६५-१७० रुपये, आणि लॅपटॉप ६२ हजारांचा. भागाकार केला तर सात वर्षं! एवढ्यावर कुणीही नाहीच म्हणेल.

पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, सातव्यातले अगदी थोडे सोडले तर यादीत नाहीत, माझा नव्हता. सिक्युरिटी अपडेट थांबले म्हणून मशीन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही हे मला माहितेय, आणि वैयक्तिक मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्ष वाढवूनही मिळतं, ज्यांना आत्ता परवडत नाहीये त्यांनी ते जरूर घ्यावं. पण माझ्या मशीनवर लोकांची न छापलेली हस्तलिखितं असतात, कुणाची पहिली कादंबरी, कुणाच्या वडिलांचं आत्मचरित्र, आणि त्यावरच माझं बँकेचं. दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेली वस्तू मी गळक्या घरात ठेवणार नाही. हे मिनिटांत मोजता येत नाही, आणि म्हणूनच मी म्हणते की वही आधी, पण वही म्हणजे सगळं नाही.

बॅटरीचं मात्र वेगळं. २०२४ च्या सप्टेंबरात संध्याकाळी लाइट गेली आणि लॅपटॉप तिथल्या तिथे मान टाकून बंद, सोळा पानांचा अख्खा फर्मा उघडा होता. फाइल उघडेना, रिकव्हरीत आदल्या दिवसाचं मिळालं, रात्रभर बसून परत लावलं आणि प्रेसची पाळी हुकली. त्या संपादकांना फोन करताना मला जे वाटलं ते मी विसरणार नाही. पण त्याला उपाय नवा लॅपटॉप नव्हता, २,८०० ची बॅटरी होता, आणि तो मी वेळेवर केला नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस देऊन स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाकलं की एक फाइल तयार होते, त्यात बॅटरी मुळात केवढी होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती भरते ते येतं. माझी ३१ टक्क्यांवर आली होती. सहा महिन्यांतून एकदा हे बघा, आणि बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला, तर त्याच दिवशी बदला, ते धोक्याचं असतं.

नवीन घेतला तो जूनमध्ये, आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते, ऐन कामात मशीन बदलू नका. दोन महिने दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी चालवले. आमच्या धंद्यात जुनं खूप वागवावं लागतं, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, त्याचं शेवटचं व्हर्जन २००१ चं, आणि त्यातल्या फाइली अजून येतात, "ताई, जुन्या आवृत्तीत फक्त दोन दुरुस्त्या आहेत" म्हणून. जुन्या फॉन्ट पॅकेजचं डोंगल, म्हणजे मशीनला लावायची परवान्याची किल्ली, नव्या मशीनवर ओळखलं जातंय का, जोडाक्षरं आणि रफार जागेवर बसतायत का, हे सगळं बघायला लागलं. एका पुस्तकात फॉन्टचं व्हर्जन बदलल्याने ओळी सरकल्या आणि तीन पानांचा मजकूर पुढे गेला, जूनमध्ये कळलं म्हणून ठीक, ऑक्टोबरमध्ये छापून आल्यावर कळलं असतं तर? या सगळ्यात माझे चार दिवस गेले, म्हणजे आठ हजार. किंमत ६२ नाही, ७० हजार झाली, आणि हे आठ हजार कुठल्याच बिलावर नसतात.

काही जण म्हणतात अगं घेऊन टाक, घसारा मिळतो. मिळतो, कॉम्प्युटरवर ४० टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलात तर निम्माच, म्हणून घ्यायचाच तर सप्टेंबरच्या आत. पण ६२ हजारांवरचे ते २४,८०० उत्पन्नातून वजा होतात, टॅक्समधून नाही. २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्सच शून्य येतो, मग आपल्यासारख्यांचं त्यात वाचतं काय? काहीच नाही. आणि जीएसटी नंबर नसेल तर ६२ हजारांतले साधारण साडेनऊ हजार जीएसटीचे, ते परत मिळत नाहीत. टॅक्स वाचेल म्हणून घेऊ नका एवढंच.

माझी मामेबहीण कोल्हापुरात घरून टॅलीवर तीन दुकानांचे हिशेब लिहिते, ती रडकुंडीला आली होती. बघितलं तर दोन अँटिव्हायरस एकमेकांवर चालू आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला. एक काढला, तीस-चाळीस जीबी मोकळे केले, खर्च शून्य. तिला पुढे कधी घ्यायचाच असेल तर कंपन्यांनी भाड्याने वापरून परत केलेला, नीट करून पुन्हा विकायला ठेवलेला रिफर्बिश्ड पण चालेल, आठव्या जनरेशनच्या पुढचा, बॅटरी रिपोर्ट काढून बघून आणि वॉरंटी लिहून घेऊन. उलट तिच्या मैत्रिणीचा ४ जीबीचा पातळ लॅपटॉप, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, मोकळा स्लॉट नाही, तिथे बदलण्याशिवाय मार्ग नव्हता. अलीकडच्या मॅकबुकमध्ये पण तसंच, घेताना जी मेमरी घ्याल तीच शेवटपर्यंत. आणि रॅम टाका, स्वस्तातलं काम आहे, हे मी पूर्वी पटकन सांगायचे ते आता सांगत नाही, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढलेत, चिप बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय, मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं तर डिसेंबरमध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये मेमरी खरंच ८५-९० टक्क्यांवर जातेय का ते बघूनच.

आणि एक राहिलंच, माझ्या कामात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर तो ९ हजारांच्या २४ इंची मॉनिटरने. जोडपानं पूर्ण दिसतात, शेजारी प्रुफ उघडं ठेवता येतं, मान दुखायची थांबली, आणि तो जुन्या लॅपटॉपला लावलेला नव्यालाही चालला. लॅपटॉपला ६० हजार घालायच्या विचारात असलेल्या बऱ्याच जणांना मी आधी एवढंच विचारते की दिवसभर त्या पंधरा इंचांत वाकून बसता का.

काकूंच्या मुलाला पण मी वहीच घ्यायला सांगितलीये. सोमवार ते शनिवार लिही, म, न आणि मा, आणि रविवारी घेऊन ये, मग आपण बसून बघू.