न टाकलेले पोस्टकार्ड

दिवाळीपूर्वी माळा आवरताना जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात माझा शाळेतला नकाशासंग्रह सापडला आणि तो झटकताना पानांमधून एक पोस्टकार्ड खाली पडले. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला कसर लागलेली, छापील किंमत १५ पैसे. एका बाजूला निळ्या शाईत, अक्षर न अक्षर घोटून लिहिलेल्या चार ओळी होत्या आणि दुसऱ्या बाजूला पत्ता होता: डॉ. जयंत नारळीकर, आयुका, गणेशखिंड, पुणे ४११००७. टपालाचा शिक्का मात्र कुठेच नव्हता, कारण ते कार्ड मी कधी पेटीत टाकलेच नाही.

१९९६ सालच्या २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेने सातवीच्या वर्गाला एस. टी.ची गाडी ठरवून पुण्याला नेले होते. आयुका ही नारळीकरांनी उभारलेली खगोलशास्त्राची संशोधन संस्था. तिच्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, लंबकाच्या झोक्यावरून पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक आहे, आणि चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्या काळ्या दगडाच्या इमारतीत शिरताना आपोआप आवाज खाली येतो. त्या दिवसातले मला आज सर्वांत स्पष्ट आठवते ते वेगळेच आहे. स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करून मुले दाटीवाटीने उभी होती आणि पुढून मागे निरोप आला की नारळीकर सर स्वाक्षरी देत नाहीत; ज्याला स्वाक्षरी हवी असेल त्याने पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवावा, सर उत्तर लिहितील आणि त्याखाली सही करतील. बरीच मुले हिरमुसली. मला मात्र आनंद झाला होता, कारण माझ्याजवळ प्रश्न तयार होता.

तो प्रश्न वाईच्या आजोळी, उन्हाळ्यात अंगणात गोधडी टाकून झोपताना पडलेला होता. आकाशात इतके तारे आहेत आणि त्यातला प्रत्येक तारा हा सूर्यच आहे असे पुस्तकात लिहिले आहे, तर मग रात्र काळी का असते? सहलीहून परत आल्यावर मी तो कार्डावर लिहिला आणि पत्ता बरोबर आहे ना, हे पाहून घ्यावे म्हणून वर्गात दाखवला. सूर्य मावळतो म्हणून रात्र काळी असते, एवढ्या मोठ्या माणसाला असले काही विचारून त्यांचा वेळ घेऊ नये, असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण बारा वर्षांच्या मुलीला तेवढे पुरले. कार्ड नकाशासंग्रहात गेले आणि तिथेच राहिले.

महाविद्यालयात गेल्यावर वाचनालयातल्या एका पुस्तकात मला माझा प्रश्न जसाच्या तसा भेटला. त्याला ओल्बर्सचा विरोधाभास म्हणतात. हाइनरिख ओल्बर्स या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने तो १८२३ मध्ये मांडला होता आणि त्याच्याही आधी १६१० मध्ये केप्लरला तो पडला होता. महाबळेश्वरच्या दाट झाडीत उभे राहून कोणत्याही दिशेला पाहिले, तर नजर शेवटी एखाद्या खोडावर जाऊन थडकतेच. तसेच, विश्व जर अनंत असेल, तारे त्यात सगळीकडे सारखे पसरलेले असतील आणि अनादिकाळापासून तळपत असतील, तर आपण जिकडे पाहू तिकडे नजर एखाद्या ताऱ्यावरच जाऊन टेकली पाहिजे आणि रात्रीचे आकाश सूर्याच्या बिंबासारखे झगझगीत दिसले पाहिजे. दूरचे तारे मंद दिसतात म्हणून अंधार असतो, हे उत्तर पुरत नाही, कारण जितके दूर जावे तितकी ताऱ्यांची संख्या वाढत जाते आणि दोन्ही हिशेब एकमेकांना फेडून टाकतात. रात्र काळी आहे या एका साध्या गोष्टीवरून, दुर्बीण न वापरता, विश्वाविषयी काही सांगता येते. हे वाचून त्या वाचनालयात मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आणखी पुढे कळले ते मनाला जास्त लागले. आजचे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ या प्रश्नाचे उत्तर देताना सांगतात की विश्वाला सुरुवात आहे, त्याचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे आणि फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला तेवढा वेळच मिळालेला नाही. नारळीकरांना मात्र विश्वाला अशी सुरुवात आहे हे मान्य नव्हते. केंब्रिजमध्ये ते ज्यांचे विद्यार्थी होते, त्या फ्रेड हॉइल यांनी हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्याबरोबर १९४८ मध्ये स्थिर स्थिती विश्वाची, म्हणजे आरंभ नसलेल्या आणि सदैव सारख्याच दिसणाऱ्या विश्वाची, कल्पना मांडली होती. १९६५ मध्ये आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले आणि ती तप्त आरंभाची खूण मानून बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे असे मानणाऱ्या, बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्या कल्पनेचे सुधारलेले रूप पुढे आणले आणि महास्फोटाविषयीच्या शंका शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. ज्या विश्वाला आरंभच नाही, तिथे रात्र काळी असण्याचे कारण वयात शोधता येत नाही. ते प्रसरणात शोधावे लागते, कारण दूर दूर जाणाऱ्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, प्रकाश आपल्यापर्यंत येईतो ताणला जाऊन क्षीण होतो. माझ्या कार्डावर बहुधा हेच उत्तर आले असते असे मी समजते. ज्या थोड्या लोकांनी त्या प्रश्नाचे उत्तर रूढ वाटेने दिले नसते, त्यांतल्या एकाला विचारण्याची संधी मला मिळाली होती आणि मी १५ पैशांचे कार्ड टाकले नाही.

२० मे २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, नारळीकर पुण्यात वारले. वय ८६. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत १९६५ चा पद्मभूषण, २००४ चा पद्मविभूषण, १९८८ साली आयुकाची स्थापना, २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे सर्व आले आणि ते यायलाच हवे होते. मी शोधत होते ती पोस्टकार्डांची गोष्ट. अनेकांनी ती आपापल्या आठवणींत लिहिली आणि ते वाचताना पहिल्यांदा लक्षात आले की माझ्यासारख्या मुलांची संख्या खूप मोठी असली पाहिजे. फरक इतकाच की त्यांनी कार्ड टाकले होते.

इतक्या व्यापातला माणूस शाळकरी मुलांच्या कार्डांना स्वतःच्या हाताने उत्तरे का लिहितो, याचा मी अनेकदा विचार केला आहे. त्यांच्या लहानपणीची एक गोष्ट मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि त्या घरात काही काळ मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, राहायला होते. हे मामा घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे कोडे लिहून ठेवत आणि भाचा ते सोडवेपर्यंत किंवा हरलो म्हणेपर्यंत ते पुसले जात नसे. प्रश्न दिवसचे दिवस फळ्यावर तसाच राहू देण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. ज्याने लहानपणी हे अनुभवले, त्याला कोणत्याही मुलाचा प्रश्न झटकून टाकणे जमले नसणार.

दुसरी गोष्ट १९७४ ची आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव तयार केले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव पाहून कोणी निर्णय करू नये, मजकूर पाहून करावा, ही त्यांची इच्छा त्यात दिसते. स्वाक्षरीच्या बाबतीतही हेच नाही का? वहीतली नुसती सही म्हणजे मजकुराविना नाव. मुलाने आधी विचार करावा, मग उत्तर, आणि नाव सर्वांत शेवटी, असा तो क्रम होता.

हे सगळे पुन्हा मनात येण्याला टपालाच्या बातम्याही कारण झाल्या. २०२५ मध्येच आपल्याकडे रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. ‘रजिस्टर एडीने पाठवा’ हे वाक्य ज्यांनी वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकले आहे, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल हे मी सांगायला नको. नंतर वर्षअखेरीस डेन्मार्कमधली बातमी आली. तिथे १६२४ साली सुरू झालेले पत्रवाटप पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने थांबवले, कारण २००० सालापासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. आकड्यांपुढे इलाज नसतो हे मला पटते. तरीही चारशे वर्षे चाललेली गोष्ट एका तारखेला थांबते, हे वाचून चहा निवून गेला तरी मी वर्तमानपत्र हातात धरून बसले होते.

आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. साधे कार्ड आजही ५० पैशांना मिळते. मी नोव्हेंबरात आमच्या भागातल्या टपाल कार्यालयात गेले, तेव्हा रांगेतली बहुतेक माणसे आधार दुरुस्तीसाठी आणि आवर्ती ठेवीचे हप्ते भरायला आलेली होती. खिडकीपलीकडच्या बाईंना पोस्टकार्डे हवीत म्हटल्यावर त्यांनी मान वर करून पाहिले, “स्पर्धेसाठी हवीत का?” असे विचारले, आणि पत्र लिहायला हवीत म्हटल्यावर खणाच्या अगदी तळातून रबर लावलेला गठ्ठा काढला. बोटाला पाणी लावून त्यांनी दहा कार्डे मोजली आणि पुन्हा एकदा मोजली. पाच रुपये झाले.

ती कार्डे माझ्या पुतणीसाठी होती. ती नागपूरला चौथीत आहे आणि फोनवर एकामागून एक प्रश्न विचारते. इतके दिवस मी त्यांची उत्तरे मोबाइलवर शोधून तिथल्या तिथे वाचून दाखवत असे. तिचे समाधान होई, पण पुढच्या फोनपर्यंत प्रश्न आणि उत्तर दोन्ही विसरलेले असत आणि खरे सांगायचे तर माझेही तसेच होई. म्हणून मी वहिनीला सांगून पाच कार्डे तिला पाठवली, त्यांवर माझा पत्ता आधीच घालून, आणि पहिला प्रश्न मीच केला: रात्र काळी का असते?

पत्त्याखालच्या सहा चौकटी भरताना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची आठवण झाली. पिनकोडची पद्धत या मराठी, संस्कृतात काव्य करणाऱ्या टपाल अधिकाऱ्याने बसवली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय. त्या सहा अंकांमुळे एका लहान मुलीचे वाकडेतिकडे अक्षर देखील नागपूरहून पुण्याला बरोबर दारात येते.

तिचे कार्ड आठव्या दिवशी आले. रात्र काळी असते कारण तारे लांब आहेत आणि त्यांचा उजेड वाटेत दमतो, असे तिने लिहिले होते. ‘दमतो’ हा शब्द वाचून मी थबकले, कारण प्रसरणाने क्षीण होणाऱ्या प्रकाशाला याहून सोपा शब्द मला सुचला नसता. मी तिला जंगलाचे उदाहरण देऊन उत्तर लिहिले. एका कार्डात ते मावेना म्हणून तीनदा खोडून लिहिले आणि १४ सेंटिमीटर गुणिले ९ सेंटिमीटर एवढ्या जागेत खरे आणि मुलाला कळेल असे लिहिणे किती अवघड आहे, हे पहिल्यांदा हातांना कळले. नारळीकरांनी हे वर्षानुवर्षे केले. मी एका उत्तरासाठी रविवारची दुपार घालवली.

परवा तिचे दुसरे कार्ड आले. पावसाळा नसताना त्यावर पाण्याचा डाग कसा पडला ते कळत नाही, पण ओळी वाचता येतात. “आत्या, आधी अंधार होता की प्रकाश?” खाली तिची सही, इंग्रजीत नाही, मराठीत, आडनावासकट.

महास्फोट मानणारे सांगतील की अगदी सुरुवातीचे विश्व तप्त होते, प्रकाशाने भरलेले होते आणि ताऱ्यांविनाचा अंधाराचा काळ त्यानंतर आला. नारळीकरांनी कदाचित तिच्या ‘आधी’ या शब्दावरच बोट ठेवले असते, कारण आरंभ नसलेल्या विश्वात ‘आधी’ कशाला म्हणायचे? मला दोन्ही बाजू तिला सांगायच्या आहेत आणि त्या एका कार्डात बसवायच्या आहेत. काल रात्रीचा मसुदा दीड कार्डाचा झाला होता, आज सकाळी तो सव्वापर्यंत आणला आहे. आमच्या कोपऱ्यावरची पेटी साडेदहाला उघडतात. उद्या त्याआधी कार्ड टाकायचे आहे.