तिओंग बारूच्या हॉकर सेंटरमध्ये क्वे चाप

सिंगापूरच्या तिओंग बारू बाजारात खाली भाजी, मासळी आणि फुलांचे गाळे आहेत आणि जिना चढून वर गेले की हॉकर सेंटर, म्हणजे खाद्यपदार्थांच्या स्वस्त गाळ्यांचे एका छपराखालचे केंद्र, लागते. क्वे चाप, म्हणजे तांदळाचे रुंद तुकडे आणि डुकराची आतडी यांचा पदार्थ, विकणारे बहुतेक गाळे सकाळीच उघडतात आणि पातेले रिकामे झाले की, पुष्कळदा दुपारी दोनच्या आतच, बंद होतात. म्हणून न्याहारीची वेळ सरल्यावर आणि जेवणाची गर्दी उसळण्यापूर्वी तेथे पोहोचण्याचा बेत मी केला होता. तरीही रांग होतीच. सोबत सिंगापूरलाच नोकरी करणारा मावसभाऊ होता. त्याने मोकळ्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवून जागा धरली, आणि त्या पाकिटाला हात लावण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

क्वे चाप हा तिओच्यू लोकांचा पदार्थ. चीनच्या ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला चाओझोउ, शान्तोउ या शहरांचा जो किनारी टापू आहे, तो त्यांचा मूळ मुलूख. सिंगापूरच्या चिनी समाजात होक्किएन लोकांखालोखाल त्यांचीच संख्या आहे. एकोणिसाव्या शतकात काळी मिरी आणि गँबियर (कातडे कमावण्यासाठी वापरली जाणारी वनस्पती) यांच्या मळ्यांत व व्यापारात त्यांचा मोठा वाटा होता, आणि 1845 मध्ये स्थापन झालेली न्गी आन कोंग्सी ही त्यांची संस्था आजही कार्यरत आहे. कष्टकऱ्यांच्या खाण्यात मांसाचा स्वस्त भाग यावा, यात नवल नाही. मात्र या स्वस्त भागावर त्यांनी जी मेहनत घेतली, ती मला थक्क करणारी वाटते.

पदार्थ दोन भांड्यांत येतो. वाडग्यात तांदळाच्या पिठाचे रुंद, पातळ तुकडे सोया सॉसच्या पातळ, तपकिरी रश्श्यात बुडवलेले असतात आणि वर तळलेल्या लसणाचा चुरा असतो. ताटलीत डुकराचे मोठे व लहान आतडे, जठर, कातडी, पोटाकडचे मांस, टोफू, तळलेल्या टोफूचे पोकळ तुकडे आणि अंडे, असे सगळे एकाच मसाल्यात मंद आचेवर शिजवून येते. त्या मसाल्यात चक्रफूल, दालचिनी, लवंग, लसूण आणि खडीसाखर असते, शिवाय तिओच्यू स्वयंपाकघरात हमखास आढळणारे कुलिंजन असते. आल्याच्याच कुळातले असले तरी त्याचा वास आल्यापेक्षा थंड आणि किंचित औषधी असतो. जिना चढताना प्रथम नाकाला जाणवला तो हाच वास.

गाळ्यावरच्या आंटींनी मान वर न करता माणसे किती, एवढेच विचारले. मी दोघांचे सांगितले आणि आतडे जरा जास्त घालायला सांगितले. भाऊ लगेच म्हणाला, “दादा, मी अंडं आणि टोफूच खाणार बरं का.” आंटींनी चिमट्याने पातेल्यातून आतड्याचा एक लांब तुकडा उचलला, त्यावरचा रस्सा निथळू दिला आणि तो जाड लाकडी ओंडक्यावर ठेवून सुऱ्याने तिरके काप केले, एकही काप दुसऱ्यापेक्षा जाड नव्हता. दोघांचे मिळून बारा डॉलर झाले.

आता खाण्याविषयी. तांदळाचे ते तुकडे म्हणजे थेट आपल्याकडच्या फेण्या, वाफवून झाल्यावर उन्हात घालण्यापूर्वी ज्या मुले पळवून खातात, तशा मऊ आणि लुसलुशीत. त्यांना स्वतःची चव फारशी नसते, आणि ती नसावी हेच बरे, कारण सगळे बोलायचे ते ताटलीतल्या मांसाने. जठराला दाताखाली किंचित करकर असते, कातडी जिभेवर विरघळते, तर मोठ्या आतड्याला बाहेरून चिवटपणा आणि आतून चरबीचा मऊपणा असतो. लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर यांची आंबट-तिखट चटणी वाटीत वेगळी मिळते आणि ती टाळण्यात अर्थ नाही. चरबी जड होऊ लागली की तीच तोंड साफ करते. ज्यांनी घरी वजडी खाल्ली आहे, त्यांना यात बिचकण्यासारखे काही नाही. गोव्यात सोरपोतेल खाल्लेल्यांना तर मुळीच नाही.

या पदार्थाची खरी परीक्षा मसाल्यात नसून धुण्यात आहे, असे माझे मत झाले. आतडे उलटे करून, मीठ आणि पीठ चोळून, आतली जास्तीची चरबी काढून पुन्हा पुन्हा धुवावे लागते. त्यात कसर राहिली तर चक्रफूल कितीही घाला, पहिल्या घासालाच कळते. फार धुतले तर मात्र आतड्याचा स्वतःचा स्वाद जातो आणि उरते ते रबर. तिओंग बारूच्या त्या आतड्याला वास होता, पण दुर्गंध नव्हता. इतक्या बारीक रेषेवर रोज पहाटे काम करायचे, तेही माणशी सहा डॉलरसाठी, हा व्यवहार तरुणांना परवडण्यासारखा नाही. सिंगापूरच्या हॉकरांचे मध्यम वय साठीच्या घरात आहे, आणि युनेस्कोने 2020 मध्ये तिथल्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले असले, तरी त्या मानाने आतडी धुणारे हात वाढत नाहीत. रस्त्यांवर विखुरलेल्या विक्रेत्यांना सरकारने 1971 ते 1986 या काळात पाणी, गटार आणि छप्पर असलेली सेंटरे बांधून दिली, तेव्हा स्वच्छतेचा प्रश्न सुटला; वारसदारांचा प्रश्न सिमेंटने सुटणारा नाही.

भावाने अखेर माझ्या ताटलीतून कातडीचा एक तुकडा उचलला आणि मग जठराचाही. आतड्यापर्यंत मात्र तो गेला नाही, आणि मीही आग्रह केला नाही, कारण तोपर्यंत ताटलीत दोनच काप उरले होते. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतःच उचलून मांडणीवर ठेवावा लागतो. 2021 पासून ते न करणाऱ्यांवर कारवाई होते. हलाल आणि बिगर-हलाल ट्रेंसाठी मांडण्या वेगळ्या असतात, आणि आमचा ट्रे कुठे जायचा, हे विचारावे लागले नाही.