आमची वाटचाल: काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटचा डबा

वडिलांच्या काळापासून आमच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा होता. गाडी तापते म्हणून आली की इंजिनातून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढायचा, त्या डब्यात टाकायचा आणि पाणी मोकळं फिरू द्यायचं, हा तेव्हाचा सरसकट इलाज. वडील हाताचे पक्के मिस्त्री, पण ही गोष्ट त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेली, आणि मला त्यांनी. धंदा माझ्या हातात आल्यावरही पहिली काही वर्षं मी तो डबा भरतच राहिलो.

मग एक पेट्रोल गाडी आली. तिचा थर्मोस्टॅट आम्हीच काढला होता. आधी ॲव्हरेज पडल्याची तक्रार, मग हीटर गरम होत नाही, आणि शेवटी ऑइल खाते म्हणून इंजिन उघडावं लागलं. वरचं झाकण काढलं तर आत काळा चिकट गाळ. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या कडेवरून नख फिरवलं तर ते अडकलं, इतकी झीज. वडिलांनी किलोमीटरचा आकडा पाहिला, परत बोअर पाहिला आणि म्हणाले, "एवढी चाललेली नाही रे ही." थर्मोस्टॅट काढल्यापासून ती गाडी एकदाही तापली नव्हती. बिघडलं होतं ते नेमकं तिथेच.

त्या संध्याकाळी वडिलांनी स्वतः तो डबा खाली ओतला. पातेल्यात पाणी तापत ठेवलं, थर्मामीटर लावला आणि एकेक थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून तळाला टेकणार नाही असा सोडला. त्यातले निम्म्याहून जास्त आपापल्या आकड्यावर बरोबर उघडले. म्हणजे त्या गाड्या तापत होत्या त्या चोंदलेल्या रेडिएटरमुळे, बंद पडलेल्या पंख्यामुळे, दाब न धरणाऱ्या कॅपमुळे. चांगला भाग आम्ही काढून ठेवला आणि दुखणं तसंच आत राहू दिलं. त्या दिवसापासून आमच्याकडून थर्मोस्टॅटशिवाय एकही गाडी बाहेर गेलेली नाही.

गिऱ्हाईक विचारतं, इंजिन जितकं गार तितकं चांगलं ना? मी त्यांना पाण्याचा हिशेब सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडे उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निघून जाते. गार इंजिनात तिचं तिथेच पाणी होतं, ते ऑइलमध्ये मिसळतं, आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेसाळ थर दिसायला लागतो. त्यात सेन्सर कॉम्प्युटरला सांगत असतो की इंजिन अजून गारच आहे, म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. त्या पेट्रोल गाडीची झीज यातूनच झाली होती. डिझेलमध्ये त्रासाची तऱ्हा वेगळी: इंजिन तापमानाला पोचलंच नाही, तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचं काम गाडी सुरूच करत नाही आणि फिल्टर भरत जातो.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. मेण वितळताना फुगतं, खिळ ढकलतं, स्प्रिंग दबते आणि झडप उघडते. जुन्या इंजिनांत द्रव भरलेला पितळी भाता असायचा, पण पाण्याच्या दाबाने त्याचा हिशेब चुकायचा. मेणाला दाबाचा तसा फरक पडत नाही. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. ते झडप उघडायला लागण्याचं तापमान. पूर्ण उघडायला पुढे आणखी १० ते १५ अंश लागतात. झडप उघडेपर्यंत पाणी बायपासने, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या वाटेने, इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. बऱ्याच थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडली की ही चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतं. थर्मोस्टॅट काढल्यावर आधीपेक्षा जास्त तापलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या होत्या, पण त्यामागचं कारण कळायला ही चकती हातात घेऊन बघावी लागली.

बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट मात्र खरंच घातक. पाणी उकळतं, सिलिंडरवरचं हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं. पण तो निदान तापमानाच्या काट्यावर ओरडून सांगतो. उघडा अडकलेला गुपचूप इंजिन खात राहतो. नव्या गाड्यांत तोही पकडला जातो: स्कॅनरवर पी०१२८ कोड, म्हणजे इंजिन हवं तेवढं तापत नाही अशी खूण, आला की आमची पोरं सेन्सर आणि कूलंटची पातळी बघून थेट थर्मोस्टॅटकडे वळतात.

नवा थर्मोस्टॅटही आम्ही पातेल्यात तपासल्याशिवाय बसवत नाही. फक्त काही गाड्यांत मेणाला तापवणारी विजेची कॉइल असते. त्यातले काही १०० अंशांच्या वर उघडतात, ते पाण्यात तपासता येत नाहीत. बसवताना मेणाची बाजू इंजिनकडे, हवा सोडणारी बारीक पिन असेल तर ती वर. मग कूलंट भरून हवा काढायची आणि इंजिन चालू करून, पंखा चुकवून, रेडिएटरच्या वरच्या पाईपवर हात ठेवायचा. बराच वेळ तो गारच लागतो, मग एकाएकी गरम होतो. हे वडील आजही स्वतःच करतात.

ज्यांच्या गाडीतून पूर्वी कुणीतरी थर्मोस्टॅट काढलेला असतो, त्यांना काटा तळाशी बघायची सवय झालेली असते. नवा बसवल्यावर काटा मध्यावर आला की ते घाबरून फोन करतात. म्हणून आता गाडी ताब्यात देण्याआधी मी त्यांच्या शेजारी बसून एक चक्कर मारतो. काटा मध्यावर येऊन थांबला आणि तिथून हलला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की मगच किल्ली देतो.